एमएमएसई ३० पैकी २९, तरी पत्नी म्हणते ‘माणूस बदलला’: फ्रंटल मारानंतर नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा. ३८ वर्षांचा पुरुष, बारावी पास, हार्डवेअरचं दुकान. पाच महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडला, हेल्मेट नव्हतं. एमआरआयमध्ये दोन्ही फ्रंटल लोबच्या (कपाळामागचा मेंदू) तळाशी कंट्यूजन, म्हणजे मेंदूला मुका मार. ऑपरेशन लागलं नाही. चालणं, बोलणं, हातपाय सगळं व्यवस्थित. एमएमएसई, म्हणजे स्मृती-भाषा वगैरेंची झटपट चाचणी, ३० पैकी २९. पत्नी सांगते, दुकानात नुसता बसून राहतो, गिऱ्हाइकांवर खेकसतो, कुणाला न विचारता चाळीस हजारांचा मोबाइल घेऊन आला. तो स्वतः म्हणतो, मला काही झालेलं नाही. विचारणारे मानसशास्त्रज्ञ तालुक्याच्या गावी काम करतात, हाताशी मोठी बॅटरी (चाचण्यांचा संच) नाही आणि दोन-तीन भेटींच्या वर वेळ मिळणार नाही.

आधी त्या २९ गुणांचा हिशेब करू. एमएमएसईमध्ये १० गुण तारीख-वार-ठिकाण सांगण्याचे, ३ गुण तीन शब्द मागोमाग म्हणण्याचे, ५ वजाबाकीचे, ३ तेच शब्द थोड्या वेळाने आठवण्याचे, ८ भाषेचे आणि १ आकृती उतरवण्याचा. यात कुठेही माणसाला स्वतःहून काही सुरू करावं लागत नाही. हाताला लागलेली सवय रोखावी लागत नाही. पाच कामांतलं आधी कोणतं, हे ठरवावं लागत नाही. फ्रंटल लोबचं काम तर हेच. त्यामुळे अशा रुग्णाला २९ मिळाले यात आश्चर्य काहीच नाही आणि त्यावर ‘नॉर्मल’ लिहून पाठवणं ही सरळ चूक आहे. पत्नीचं म्हणणं खरं धरूनच पुढे जा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तपासणीच्या खोलीत रुग्णाच्या फ्रंटल लोबचं बरंचसं काम आपणच करून टाकतो. कुठे बसायचं, कधी सुरू करायचं, कशाकडे बघायचं, कधी थांबायचं, हे सगळं आपण सांगतो. खोली शांत असते, काम एका वेळी एकच असतं. दुकानात मात्र फोन वाजतो, गिऱ्हाईक उभं असतं, टेम्पो माल उतरवत असतो, आणि पुढे काय करायचं ते सांगायला कुणी नसतं. म्हणून या माणसाला तीन जागी तपासायचं: टेबलावर, घरच्यांच्या तोंडून आणि प्रत्यक्ष कामात. तिघांचं पटलं नाही तर वजन शेवटच्या दोघांना द्या.

मार इथेच का बसतो, हे माहीत असलं की काय शोधायचं तेही कळतं. डोळ्यांच्या खोबणीवरचं, कवटीच्या तळाचं हाड आतून खडबडीत असतं. डोकं जोरात आपटून थांबतं तेव्हा मेंदू त्या उंचसखल हाडावर घासला जातो. मागच्या बाजूला, डोक्यावर आपटलं तरी पुढचा मेंदू चिरडला जाऊ शकतो, तो याच कारणाने. म्हणून रस्ते अपघातात फ्रंटल लोबचा तळ आणि टेंपोरल लोबची (कानशिलाआडचा मेंदू) टोकं जास्त सापडतात. अडचण अशी की टेबलावरच्या चाचण्या फ्रंटल लोबच्या बाहेरच्या, वरच्या भागाचं काम बऱ्यापैकी पकडतात, तळाच्या भागाचं फार थोडं. १९८५ साली एस्लिंजर आणि दमासिओ यांनी ईव्हीआर नावाने नोंदवलेला रुग्ण याचं ठसठशीत उदाहरण आहे. गाठ काढताना त्याच्या फ्रंटल लोबचा तळाचा भाग गेला. बुद्ध्यांक सरासरीपेक्षा वरच राहिला, नियम ओळखून पत्ते लावण्याची चाचणीही तो पार करत होता. पण नोकरी गेली, पैसा बुडाला, संसार मोडला. तुमच्या रुग्णाचा एमआरआय तळाकडेच बोट दाखवतो, तेव्हा त्याचे टेबलावरचे गुण चांगले आले तरी हुरळून जाऊ नका.

ढोबळमानाने तीन तऱ्हा लक्षात ठेवा. बाहेरच्या-वरच्या भागाला मार असेल तर नियोजन, क्रम लावणं, मनात माहिती धरून काम करणं, एका नियमावरून दुसऱ्यावर जाणं बिघडतं. तळाला मार असेल तर आवर सुटतो: राग, खर्च, खाणं, अचकट बोलणं, समोरच्याला काय वाटेल याचं भान. मधल्या, आतल्या बाजूला असेल तर माणूस सुरूच होत नाही. सांगितलं तर करतो, सांगितलं नाही तर तसाच बसतो. प्रत्यक्षात अपघाताच्या रुग्णात या तिन्हींची सरमिसळ असते आणि वर मेंदूभर पसरलेली मज्जातंतूंची इजाही असू शकते, जी साध्या सीटीत दिसत नाही. तुमच्या रुग्णाचं ‘बसून राहणं’ आणि ‘खेकसणं’ एकमेकांविरुद्ध वाटलं तरी एकाच माणसात दोन्ही सर्रास सापडतात.

कागद उघडण्याआधी

फाइल मागवा. अपघातानंतरचा पहिला ग्लासगो कोमा स्केल (शुद्ध किती आहे याचं माप) किती होता ते पाहा: १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ३ ते ८ गंभीर. पण हा आकडा दारू, झोपेची औषधं, नळी घातलेली असणं यांनी बिघडतो. त्याहून भरवशाचं माप म्हणजे अपघातानंतर सलग आठवण परत यायला किती वेळ लागला. एक दिवसाच्या आत सौम्य, एक ते सात दिवस मध्यम, त्यापुढे गंभीर. पाच महिन्यांनीही हे विचारून काढता येतं. ‘शुद्धीवर कधी आलात?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर घरच्यांकडून ऐकलेलं असतं. ‘तुम्हाला स्वतःला आठवणारी पहिली गोष्ट कोणती? त्यानंतरची? त्या रात्री कोण झोपायला होतं? पहिलं काय खाल्लं?’ असं पुढे पुढे जा. मधेच एखादी सुटी आठवण असेल तर ती धरायची नाही. आठवणींची माळ जिथून न तुटता लागते तो दिवस लिहा. ही माळ लागायच्या आत केलेली कोणतीही चाचणी फुकट असते. वॉर्डातल्या दहाव्या दिवशीच्या गुणांवर निष्कर्ष काढलेले रिपोर्ट आजही दिसतात, ते बाजूला ठेवा.

औषधांची चिठ्ठी नीट वाचा. फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटोइनने माणूस मंदावतो. लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड इतकी वाढते की ती फ्रंटल माराची वाटावी. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या लक्ष आणि स्मृती दोन्ही खाली आणतात. फिट येऊ नये म्हणून सुरुवातीला दिलेली गोळी पहिल्या आठवड्यानंतर पुष्कळदा लागत नाही, पण कुणी बंद करायला सांगत नाही म्हणून महिनोन्‌महिने चालू राहते. गोळी तुम्ही थांबवायची नाही, न्यूरोसर्जनला चिठ्ठी लिहून विचारायचं. त्याचबरोबर झोप, घोरणं, डोकेदुखी, दारू, ऐकू येणं आणि चष्मा यांची चौकशी करा. रुग्ण सुधारण्याऐवजी गेल्या काही आठवड्यांत खाली जात असेल तर चाचण्या मागे ठेवा आणि आधी सीटी, सोडियम, थायरॉइड, कॉर्टिसॉल यांसाठी पाठवा. सावकाश साचलेलं रक्त, मेंदूत पाणी वाढणं, पिट्यूटरी ग्रंथीला बसलेला मार ही तिन्ही कारणं उपचाराने सुधारू शकतात, आणि ती चुकवणं फार महागात पडतं.

एक तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती जवळजवळ सगळे विसरतात: वास. घ्राणेंद्रियाच्या नसा फ्रंटल लोबच्या अगदी तळाशी, त्याच हाडावर असतात. वास गेला असेल तर त्या भागाला मार बसल्याचा तो जोडीचा पुरावा असतो. डोळे मिटून, एका वेळी एक नाकपुडी. कॉफी आणि गुलाबपाणी पुरे. व्हिक्स, अमृतांजन, कापूर, कांदा वापरू नका, त्यांचा झोंबरेपणा वेगळ्या नसेतून कळतो आणि वास गेलेला माणूसही ‘येतोय’ म्हणतो. सर्दी आहे का ते आधी विचारा. वास गेलाच असेल तर घरी सांगा की गॅस गळल्याचं आणि अन्न विटल्याचं त्याला कळणार नाही.

घरच्यांशी बोलणं

पत्नीशी वेगळं बोला. नवऱ्यासमोर ती निम्मंच सांगेल, आणि सांगितलंच तर घरी गेल्यावर भांडण होईल. प्रश्न मोघम नको. ‘राग येतो का?’ याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी: ‘गेल्या रविवारी उठल्यापासून जेवेपर्यंत त्यांनी काय काय केलं, कोणी सांगितल्यावर केलं आणि कोणतं आपण होऊन?’ ‘आंघोळीला स्वतः जातात की बादली भरून टॉवेल हातात द्यावा लागतो?’ ‘उधारीची वही आधी कोण लिहायचं, आता कोण लिहितं?’ ‘शेवटचं भांडण कशावरून झालं, किती वेळ टिकलं, नंतर त्यांना वाईट वाटलं का?’ फ्रंटल माराचा राग ठिणगीसारखा येतो, दहा मिनिटांत विझतो आणि तो माणूस काही झालंच नाही असा वागतो. घरचे मात्र दिवसभर धुमसत राहतात.

प्रत्येक गोष्टीला ‘अपघाताआधी कसं होतं?’ जोडायचंच. आधीपासून तापट, उधळ्या, दारू पिणारा असेल तर निदानाची भाषा बदलते. पत्नीशिवाय आणखी एक माणूस धरा: दुकानातला नोकर, भाऊ, शेजारचा दुकानदार. एकत्र कुटुंबात आजारी पुरुषाला सगळं हातात मिळतं, त्यामुळे पुढाकार संपलाय हे महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘आराम करतोय’ असंच सगळे म्हणतात. बाईच्या बाबतीत उलट होतं. स्वयंपाकघर पुढाकार आणि क्रम दोन्ही मागतं, म्हणून कुकर लावून विसरणं, भाजी चिरून ठेवून फोडणीच न देणं, गौरी-गणपतीच्या स्वयंपाकात गोंधळून बसून राहणं पहिल्या महिन्यातच दिसतं. मग तिच्यावर ‘आळशी झाली’ असा शिक्का बसतो. शेतकरी असेल तर खत, मजूर, पाण्याची पाळी यांचे निर्णय कोण घेतं ते विचारा.

लेखी प्रश्नावली हवी असेल तर डेक्स ही २० प्रश्नांची यादी सोयीची आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास), एक प्रत रुग्णाने भरायची, एक जवळच्या माणसाने. खरी माहिती दोन प्रतींमधल्या अंतरात असते. रुग्ण १२ म्हणतो आणि पत्नी ४८, तर आपल्यात बदल झाल्याचं त्याला कळतच नाही, हे तुमच्या हातात आलं. मात्र पत्नी स्वतः खचलेली असेल तर तिचे आकडे वाढतात, म्हणून तिचीही झोप आणि मनःस्थिती विचारा.

नैराश्य वेगळं काढणं इथे अटळ आहे. नुसतं बसून राहणं दोन्हींत असतं. नैराश्यातला माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो, कशातच राम नाही म्हणतो. फ्रंटल उदासीनतेत दुःख सापडत नाही. ‘कसं वाटतंय?’ ‘बरं आहे.’ ताट समोर आलं तर पोटभर जेवतो. रडू, अपराधीपणा आणि मरणाचे विचार यांबद्दल थेट विचारा, संकोच करू नका. ते असतील तर उपचार आधी आणि चाचण्या नंतर.

टेबलावर: साधनं नसतील तरी

एफएबी (फ्रंटल असेसमेंट बॅटरी) ही सहा भागांची चाचणी दहा मिनिटांत होते, प्रत्येक भागाला ० ते ३, एकूण १८. साहित्य काही लागत नाही. पण ती मराठीत घेताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

साम्य: केळं आणि संत्रं, टेबल आणि खुर्ची, तीन फुलं. फुलं ओळखीची घ्या, झेंडू, मोगरा, गुलाब. ‘दोन्ही फळं’ हे उत्तर हवं. ‘दोन्ही पिवळी’, ‘दोन्ही सोलतात’ ही वस्तूला चिकटलेली उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवा. म्हणींचा अर्थ विचारायचा असेल तर ‘नाचता येईना अंगण वाकडे’ सारखी म्हण शाळेत पाठ झालेली असते आणि पाठ अर्थ फ्रंटल लोबशिवायही बाहेर पडतो. म्हणून एक ओळखीची आणि एक कमी ऐकलेली घ्या. ‘अंगण वाकडं असलं की पाय मुरगळतो’ असं उत्तर आलं तर ते गुणांपेक्षा जास्त सांगून जातं.

शब्दओघ: एका अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात. ९ पेक्षा जास्त शब्द ३ गुण, ६ ते ९ ला २, ३ ते ५ ला १. मराठीत ‘क’ किंवा ‘प’ घ्या, आणि का, कि, कु चालेल की फक्त क, हे आधीच सांगून टाका. नाहीतर निम्मा वेळ त्यातच जातो. माणसांची आणि गावांची नावं नकोत, एकाच धातूची रूपं नकोत: ‘कर, करतो, करणार’ हा एक शब्द. दर पंधरा सेकंदांनी वहीत रेघ मारा. फ्रंटल रुग्ण पहिल्या पंधरा सेकंदांत पाच-सहा शब्द झटकन सांगतो आणि मग गप्प होतो, किंवा ‘कोल्हापूर, कमल, कराड’ सुरू करतो. नियम काय होता, असं विचारलं तर बरोबर सांगतो. मग प्राण्यांची नावं मिनिटभर विचारा. प्राणी बरे आणि अक्षर वाईट, असा फरक दिसला तर रोख फ्रंटलकडे. दोन्ही सारखेच वाईट असतील तर भाषा, मंदपणा, औषध यांचा विचार करा.

मूठ–कड–तळवा: टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा ठेवायचा. तुम्ही तीनदा एकट्याने करून दाखवा, मग तीनदा बरोबर करा, मग त्याला एकट्याला करू द्या. एकट्याने सलग सहा बरोबर आले तर ३, तीन आले तर २, तुमच्याबरोबरच जमलं तर १. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आपणच ‘मूठ, कड, तळवा’ असं तोंडाने म्हणत राहणं. शब्दांचा आधार मिळाला की हात सुधारतो आणि दोष झाकला जातो. तोंड बंद ठेवा.

पुढचे दोन भाग टिचक्यांचे, म्हणजे टेबलावर बोट वाजवण्याचे. आधी ‘मी एक वाजवली की तुम्ही दोन, मी दोन वाजवल्या की तुम्ही एक’. मग नियम फिरवायचा: ‘मी एक वाजवली की तुम्ही एक, मी दोन वाजवल्या की काहीच नाही.’ दुसऱ्या भागात तळाच्या माराचे रुग्ण घसरतात. चुकल्यावर ‘अरे, चुकलो’ म्हणतो की नाही, ते लिहा. चूक कळून तीच चूक पुन्हा होणं हे या दुखापतीचं वैशिष्ट्य आहे. शेवटचा भाग हात धरण्याचा: काही न बोलता तळव्यांना स्पर्श करायचा, त्याने हात धरलेच तर ‘आता माझे हात धरू नका’ असं सांगून पुन्हा करायचा.

एफएबीचा १२ हा नेहमी सांगितला जाणारा उंबरठा स्मृतिभ्रंशाचे प्रकार वेगळे काढण्यासाठीचा आहे. अपघाताच्या रुग्णाला तो जसाच्या तसा लावू नका. १६ गुण मिळवणाऱ्या दुकानदाराचं दुकान बुडू शकतं.

चाचणी चालू असताना टेबलावर एक पेन, चष्म्याचं घर आणि काडेपेटी सहज ठेवून द्या, त्याबद्दल काही बोलू नका. काही रुग्ण न सांगता वस्तू उचलून वापरायला लागतात, पेनाने रेघोट्या मारतात, दुसऱ्याचा चष्मा घालून बघतात. लेर्मित यांनी १९८३ साली या वर्तनाचं वर्णन केलं. रोज दिसणार नाही, पण दिसलं तर आवर सुटल्याचा इतका स्पष्ट पुरावा कोणत्याही गुणपत्रिकेत मिळत नाही.

मोठी बॅटरी मिळाली तर

जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या केंद्रात पाठवत असाल तर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची २००४ सालची न्यूरोसायकॉलॉजी बॅटरी मागा. तिचे तुलनेचे आकडे भारतीय आहेत आणि वय, शिक्षण, लिंग यांनुसार वेगळे आहेत. १५ व्या पर्सेंटाइलच्या खाली (शंभरांतल्या सर्वांत कमी गुणांच्या पंधरांत) गेलं तर कमतरता धरतात. परदेशी आकड्यांशी तुलना करून सातवी पास माणसाला ‘गंभीर दोष’ ठरवणारे रिपोर्ट माणसाचं नुकसान करतात.

ट्रेल मेकिंगचा (कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने जोडण्याची चाचणी) दुसरा भाग मराठीत १-क-२-ख-३-ग असा करून वापरला जातो तेव्हा सावध राहा. वर्णमालेचा क्रम मोठेपणी कुणाच्या जिभेवर नसतो, ‘घ’ नंतर ‘ङ’ की ‘च’ इथे निरोगी माणूसही अडखळतो. इंग्रजी माध्यमातल्याची तर गोष्टच वेगळी. त्यापेक्षा कलर ट्रेल्स घ्या. तिथे आकडे क्रमाने आणि रंग आलटून पालटून जोडायचे असतात, फक्त अंक वाचता यायला हवेत. दुसऱ्या भागाचा वेळ एकटा पाहू नका, पहिल्या भागाशी तुलना करा. दोन्ही मंद असतील तर माणूसच मंदावला आहे. पहिला ठीक आणि दुसरा कोसळला, तर नियम बदलणं जमत नाही.

पत्त्यांच्या विस्कॉन्सिन चाचणीत १२८ पत्ते रंग, आकार किंवा संख्येने लावायचे असतात आणि सलग दहा बरोबर आले की नियम न सांगता बदलतो. इथे किती गट पूर्ण झाले त्यापेक्षा जुन्याच नियमाला चिकटून झालेल्या चुका मोजा. रुग्णाला मोठ्याने बोलायला सांगितलं तर कधी कधी ‘आता रंग चालत नाही’ म्हणत म्हणत तो रंगावरच पत्ता ठेवतो. कळतं पण वळत नाही, हे अक्षरशः डोळ्यांपुढे घडतं. टॉवर ऑफ लंडनमध्ये (मोजक्या चालींत मणी नमुन्यासारखे लावायचे) पहिली चाल करण्याआधी किती सेकंद थांबला ते लिहा. लगेच हात घालणारा आणि मिनिटभर गोठून बसणारा, दोघांचे गुण सारखे येऊ शकतात पण उपाय वेगळे लागतात.

स्मृतीसाठी १५ शब्दांची, पाच फेऱ्यांची यादी घ्या. फ्रंटल रुग्णाची तक्रार ‘विसरतो’ अशीच असते. पण स्वतःहून आठवताना पाच शब्द आणि ओळखायला दिल्यावर तेरा, असं झालं तर माहिती आत गेली आहे, शोधून काढणं जमत नाही. ओळखतानाही चुकत असेल तर टेंपोरल लोबही बघायला हवा. यादीत नसलेले शब्द सांगणं आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा सांगणं वेगळं मोजा.

एक बैठक पाऊण तासाच्या वर नेऊ नका. दोन सकाळी मिळाल्या तर उत्तम. पण उरलेला थकवा लपवूही नका, तिसऱ्या चाचणीनंतर गुण घसरले तर ती नोंद कामावर परतण्याच्या निर्णयात लागते. आणि एक लक्षात असू द्या: ‘फ्रंटल चाचणी’ असं काही नसतं. यातली प्रत्येक चाचणी डोळे, हात, वेग, शिक्षण आणि बाकी मेंदू यांच्यावरही उभी असते. खराब गुणांवरून जागा सांगू नका, जागा एमआरआय सांगतो.

बाजारात

आता तुमच्या रुग्णासाठी सगळ्यात उपयोगी भाग, आणि याला पैसे लागत नाहीत. शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ साली डोक्याला मार लागलेल्या तीन रुग्णांना खऱ्या बाजारात कामांची यादी देऊन पाठवलं. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत चांगले असलेले हे रुग्ण तिथे कोलमडले. तीच रचना आपल्या गावच्या बाजारात बसवता येते.

एका कागदावर सात कामं लिहा. तीन वस्तू आणायच्या: कोथिंबिरीची जुडी, निळं बॉलपेन, टेफ्लॉन टेप. तीन माहिती लिहून आणायची: जिल्ह्याच्या गावाला जाणारी शेवटची एसटी किती वाजता, मेडिकल रात्री किती वाजता बंद होतं, टोमॅटोचा आजचा किलोचा भाव. सातवं, सुरू केल्यापासून बरोबर १५ मिनिटांनी तुम्हाला मिस्ड कॉल द्यायचा. नियम: १०० रुपयांच्या आत, एका दुकानात एकदाच जायचं, ठरलेल्या चौकापलीकडे जायचं नाही, मागे असलेल्या माणसाशी बोलायचं नाही, संपल्यावर येऊन ‘झालं’ सांगायचं. वेळ अर्धा तास. यादी आणि नियमांचा कागद त्याच्या हातातच राहू द्या.

निघण्याआधी सगळे नियम त्याच्या तोंडून वदवून घ्या. ही पायरी गाळली तर नियम मोडला तो विसरला म्हणून की आवरलं नाही म्हणून, हे कधीच कळणार नाही. तुम्ही किंवा सहकारी पाच-सहा पावलं मागून वही घेऊन चाला. चार रकाने: राहिलेली कामं, मोडलेले नियम, वाया गेलेल्या फेऱ्या, भलताच अर्थ लावून केलेल्या गोष्टी. लोकांशी वागणं वेगळं लिहा: रांग तोडली, भाजीवालीशी वाजलं, अनोळखी माणसाला घरची हकिकत सांगत बसला. वस्तूंची कामं बहुधा होतात. मिस्ड कॉल राहतो, कारण त्याची आठवण करून देणारं बाहेर काही नसतं. हीच कामं त्याच वयाच्या, तेवढ्याच शिक्षणाच्या चार-पाच निरोगी माणसांकडून करून घ्या, म्हणजे किती चुका साहजिक ते कळेल. वाहतूक जास्त असेल तर रस्ता ओलांडायची गरज पडू नये अशी जागा निवडा.

दुकानदार आहे म्हणून आणखी एक: त्याच्याच दुकानात, एका बाथरूमच्या कामासाठी बारा वस्तूंचं कोटेशन तयार करायला सांगा. अर्धा इंची पाइप, एल्बो, टी, सोल्युशन, नळ. मधे दोनदा फोन येऊ द्या, एकदा नोकर काही विचारू दे. फोन ठेवल्यावर तो जिथे होता तिथे परत येतो का, की तिथेच बसून राहतो? शेवटी बेरीज तपासतो का? त्याला आधी हे किती वेळात जमायचं ते नोकर सांगेल.

रिपोर्टमध्ये

‘फ्रंटल डिसफंक्शन आढळले’ एवढं लिहून कुणाच्याही हाती काही लागत नाही. असं लिहा: ‘सूचना दिल्यास काम पूर्ण करतो, सूचनेशिवाय पाहणीच्या काळात एकही काम सुरू केले नाही. नियम अचूक सांगतो, प्रत्यक्षात सातपैकी तीन कामांत नियम मोडले, दोनदा चूक लक्षात आली नाही.’ असं वाक्य पत्नीला, न्यूरोसर्जनला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणालाही कळतं. दावा चालू असेल तर जाणूनबुजून कमी गुण पाडून घेतो का हे पाहणाऱ्या चाचण्या जोडाव्यात. पण या दुखापतीत उलटाच धोका मोठा आहे. असा रुग्ण साक्षीला उभा राहून ‘मी एकदम फिट आहे’ सांगतो, नीट बोलतो, आणि नुकसान कुणाला पटत नाही. म्हणून अपघाताआधीची आणि नंतरची उलाढाल, उधारीच्या वह्या, नोकराचं म्हणणं तारखांसह नोंदवा.

पैशाच्या बाबतीत ‘अक्षम’ असा सरसकट शेरा मारू नका. रोजचा गल्ला सांभाळणं, माल मागवणं आणि कर्ज काढणं हे तीन वेगळे निर्णय आहेत, प्रत्येकाची क्षमता वेगळी तपासा. तोवर बँकेच्या अॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करायला आणि मोठ्या खरेदीला दोन दिवस थांबायचा नियम करायला सांगा. ‘आज गोदामातला माल मोजायचा’ एवढं सांगून पुरणार नाही. वेळ, पहिली पायरी आणि फोनवर गजर, हे तिन्ही लागतील, आणि हे पत्नीला समोर बसवून करून दाखवा.

पुन्हा चाचणी साधारण सहा महिन्यांनी. त्याआधी केली तर सरावाचेच गुण वाढतात. पत्त्यांच्या चाचणीला तर दुसऱ्यांदा फारसा अर्थ उरत नाही, कारण नियम बदलतो हे रहस्य एकदाच राहतं. शब्दांची यादी दुसरी घ्या, बाजारातली कामं बदला, नियम तेच ठेवा. गाडी चालवण्याबद्दल मात्र सहा महिने थांबू नका. फिट आली आहे का, दृष्टीचा पट्टा पूर्ण आहे का (दोन्ही बाजूंचं दिसतं का) आणि टिचक्यांच्या चाचणीत थांबता आलं का, यांवर आत्ताच बोला. थांबता आलं नसेल तर दुचाकीची किल्ली पुढच्या तपासणीपर्यंत भावाकडे राहील, हे त्याच्यासमोर, भावाला बोलावून ठरवा. नंतर पत्नीला एकटीला ते जमणार नाही.